माफी मध्येच बोलल्याची, शंकेची नव्हे

वाचक आईचं पत्र

स. न. बाई,

आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठी राहतो. मी काजूच्या कारखान्यात कामाला जाते, मिस्टर ट्रॉलरवर असतात. मुलगी सातवीत आहे. १८ ऑगस्टला शाळेत हेलियम दिवसाचा कार्यक्रम होता. सर सांगत होते की १८६८ साली लॉकियर साहेबाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला. ही पाहुण्यांसमोर मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लॉकियर इथे कधी आलेच नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते. मी मोबाइलवर वाचलंय." सरांनी मला बोलावून घेतलं. गावाचं नाव घालवते म्हणाले. वहीत शेरा आलाय, "उलट बोलते".

घरीही तेच. सासरे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. त्यांचा हिशोब चुकतो असं ही त्यांच्या तोंडावर म्हणाली. "माका शिकवतंस?" एवढंच ते बोलले आणि दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला इतके प्रश्न बरे नव्हेत, उद्या देवाच्या गाऱ्हाण्यालाही शंका काढील. पुढे स्कॉलरशिपची परीक्षा आहे. तिला गप्प बसायला कसं शिकवू?

— एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मुलांना गप्प बसवणं अवघड नसतं. एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्या काळात बऱ्याच मुलांना गप्प बसवलं. कधी तास संपत आला होता म्हणून, कधी मला उत्तर येत नव्हतं म्हणून. त्यांना पुन्हा बोलतं करायला गेले तेव्हा कळलं की एकदा मिटलेलं मूल सहजी उघडत नाही. तुमची लेक अजून मिटलेली नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी हेलियमचं बघू. तिथे तुमची लेक आणि सर, दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चुकलेत.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि ते भारतातून दिसलं, हे खरं. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी आंध्रातल्या गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या साधनातून, बघितला. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच त्यांनी तिथून त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि त्यात त्यांना एक पिवळी रेघ दिसली. म्हणजे १८६८ साली लॉकियर विजयदुर्गला नव्हते. इथवर तुमची लेक बरोबर.

पण ती म्हणाली, "कधी आलेच नव्हते." ते चूक. लॉकियर विजयदुर्गला आले होते, तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते आपली तुकडी आणि दुर्बिणी घेऊन विजयदुर्गला उतरले, किल्ल्यात तळ ठोकला, ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी घेऊन निरीक्षणं केली आणि त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. किल्ल्यात आपल्याला 'साहेबाचे ओटे' दाखवतात. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता, १८९५ साली, रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाला. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली आणि पुढे तीच गोष्ट भाषणातून भाषणात गेली असावी, असं मला वाटतं. गावाचं नाव यात कुठेच जात नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ समुद्र ओलांडून आपल्या किल्ल्यावर ग्रहण बघायला आला, ही गोष्ट कुठल्याही भाषणाला पुरेल.

आता दोघांचं कुठे चुकलं ते बघा. सरांनी गावात ऐकलेलं सांगितलं, तिने मोबाइलवर वाचलेलं सांगितलं. हे कशावरून, असं दोघांनीही स्वतःला विचारलं नाही. १८६८ साली ते इंग्लंडमध्ये होते एवढंच तिने वाचलं, आणि तिथून "कधीच आले नव्हते" पर्यंत उडी मारली. मधल्या तीस वर्षांत काय झालं ते बघायचं राहून गेलं. घरी तिच्याशी बोलाल तेव्हा सर चुकले की नाही हे बाजूला ठेवा. तिला एवढंच विचारा, "तुझ्या वाक्यातला कोणता भाग तू बघून खात्री केलेला आणि कोणता तू स्वतः जोडलेला?" हा प्रश्न तिला आवडेल, कारण तो तिच्याच जातीचा आहे.

आणि हेलियमची गोष्ट मुळात शंकेचीच आहे, हे तिला जरूर सांगा. वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात, आणि ती पिवळी रेघ सोडियमच्या रेघांच्या अगदी शेजारी होती. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. सोडियमच असेल, असं म्हणून पुढे जाणं किती सोपं होतं! लॉकियर तसे पुढे गेले नाहीत. हायड्रोजनच वेगळ्या अवस्थेत अशी रेघ देत असेल का, हेही त्यांनी फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञासोबत प्रयोगशाळेत तपासलं. रेघ निघेना. मग त्यांनी म्हटलं, हे आपल्याला माहीत नसलेलं मूलद्रव्य आहे. त्यावर इतर रसायनशास्त्रज्ञांनी लॉकियर यांच्यावरच शंका घेतली, आणि त्यांचंही बरोबर होतं. हातात कुणाच्याच काही नव्हतं, होती ती फक्त सूर्याच्या उजेडातली एक रेघ. रॅम्से यांना युरेनियमच्या खनिजातून तो वायू मिळेपर्यंत जवळजवळ सत्तावीस वर्षं गेली. हेलियम दिवसाला एखाद्या मुलीने उठून शंका विचारली, तर त्या दिवसाचा मान राखला गेला असंच मी म्हणेन.

माझी स्वतःची एक चूक सांगते. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग होता. चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, थर्मामीटर. पाणी खदखदत होतं आणि मागच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ९७ वर थांबलाय." मी म्हटलं, "१०० लिही." त्याने पुन्हा पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा थर्मामीटर आणून त्याच पाण्यात घातला. तो ९९ दाखवत होता. "बाई, पाणी एकच आणि आकडे दोन कसे?" बाहेर घंटा झाली होती. मी त्याच्या हातातून जर्नल घेतलं आणि स्वतःच्या लाल पेनाने १०० लिहून दिलं.

तो आकडा मी अजून विसरलेले नाही. त्या मुलाने त्या दिवशी विज्ञानातलं सगळ्यात महत्त्वाचं काम केलं होतं. ज्याने मोजतो त्या साधनावरच त्याने शंका घेतली आणि लगेच दुसऱ्या साधनाने ती तपासली. मी त्याला शिकवलं काय, तर डोळ्यांना दिसतं ते खोडायचं आणि पुस्तकात आहे ते लिहायचं. पुढे कितीतरी वर्षांनी मी बंदरावरून लादीच्या बर्फाचा चुरा आणला, वितळत्या बर्फात शाळेतले सगळे थर्मामीटर उभे केले आणि मुलांना वाचायला लावले. जवळजवळ प्रत्येकाचं शून्य वेगळं निघालं. मुलांनी प्रत्येक थर्मामीटरला चिकटपट्टीवर त्याची चूक लिहून लावली. हे त्या दिवशीही करता आलं असतं. बंदर तेव्हाही होतं आणि बर्फही होता. तो मुलगा मात्र पुन्हा माझ्या तासाला हात वर करताना मला दिसला नाही.

आता सासूबाईंची काळजी. त्यांना माझा नमस्कार सांगा. मुलीची जात आणि प्रश्न यावर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, एक आठवण सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना कातळावर गवत कापताना फुरसं चावलं. घरच्यांनी आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, कारण त्याच्या हातून "सगळे बरे होतात". रुग्णालयात पोचले तोवर फार उशीर झाला होता. 'सगळे बरे होतात' यात फसवणूक कुठे आहे ते नीट बघा. आपल्याकडे चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर चाव्याला विष सोडतोच असं नाही. असे रोगी मंत्र घातला तरी बरे होतात आणि नाही घातला तरी होतात. विष खरंच अंगात गेलं असेल तर त्यावर प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं. त्या घरात त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं, "बरे झाले त्यांना विष चढलं होतं हे कशावरून?" असं विचारणारं चेडू घरात असणं किती मोलाचं आहे, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा तुम्हीच नीट सांगू शकाल. राहिलं गाऱ्हाणं. तिने विचारलं तर विचारू दे. गाऱ्हाण्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ काय, बारा-पाचाची म्हणजे गावच्या देवदेवतांची नावं का घेतात, हे जाणत्या माणसाला आदराने विचारलं तर तो आनंदाने सांगतो. देव त्याने लहान होत नाही.

आता आजोबांचा हिशोब. मला यातच सगळ्यात जास्त रस आहे, आणि तुमच्या घरातला अबोलाही इथेच सुटेल अशी माझी आशा आहे.

आजोबा म्हणतात तो नियम आपल्या किनाऱ्यावर जुना आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दर तिथीला भरती पाऊण तास पुढे. वर्गात भरती-ओहोटीचा धडा मी आयुष्यभर शिकवला, पण इतका आटोपशीर नियम पुस्तकात नव्हता. आता तुमच्या लेकीला काय खटकलं असेल त्याचा मी अंदाज करते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. सव्वाअकरा ते पाऊण होतो दीड तास. सगळ्या पंधरवड्यात भरती पाऊण-पाऊण तासाने पुढे जाते आणि त्या एकाच दिवशी दुप्पट उडी मारते. समुद्र असं कसं करील?

तिची शंका अगदी खरी आहे. अमावस्येला आणि पौर्णिमेला भरती घड्याळात जवळजवळ एकाच वेळी येते. म्हणजे पंधरा तिथींत ती बारा तास पुढे सरकते. बारा तासांची मिनिटं ७२०, भागिले १५, उत्तर ४८. नियम धरतो ४५. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत त्यांची ४५ होतात, आणि तोच हरवलेला पाऊण तास पौर्णिमेनंतर एकदम भरून काढावा लागतो.

पण एवढ्यावर तिला "मी जिंकले" म्हणू देऊ नका. जुन्या माणसांनी पाऊण का धरलं असेल, हेही तिने शोधायचं. आजोबांच्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ असायची. अठ्ठेचाळीस मिनिटांचा पाढा कुणी पाठ केला होता? होडी लोटायची तर तीन मिनिटांनी काही अडत नाही, हिशोब मात्र अंधारात, हातात वल्हं असताना, तोंडी करता आला पाहिजे. नियम कशासाठी बनवला ते न बघता तो चुकीचा ठरवणं हीसुद्धा घाईच. आणखी एक. जुनी घटका २४ मिनिटांची. दोन घटका म्हणजे बरोबर ४८ मिनिटं! आजोबांचे आजोबा भरती घटकांत मोजत होते का, पाऊण तास घड्याळं आल्यावर आला का, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या घरात हे विचारण्याजोगा एकच माणूस आहे आणि तो सध्या नातीशी बोलत नाही. तिने हाच प्रश्न घेऊन त्यांच्यापाशी जावं. "तुमचं चुकतं" म्हणत गेली तर दार बंद होईल. "आजोबा, तुमचे आजोबा कसं मोजायचे?" म्हणत गेली तर मला वाटतं ते बोलतील.

त्यानंतर दोघांनी मिळून मोजावं. धक्क्याची एक पायरी ठरवायची. भरती पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधीपासून दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते बघायचं, आणि पाणी थबकून उतरायला लागलं ती वेळ वहीत लिहायची. शेजारी तीन रकाने: पाऊणकीने आलेली वेळ, ४८ मिनिटांनी आलेली वेळ, छापील भरतीच्या तक्त्यातली वेळ. तिला दिसेल की समुद्र ४८ सुद्धा काटेकोर पाळत नाही. उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती रोज थोडी कमी लांबते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) जास्त लांबते. ४८ ही सरासरी. खाडीच्या तोंडापाशी भरती आधी होते, आत उशिरा. म्हणून तक्ता कुठल्या बंदराचा आहे तेही बघायला हवं. एवढ्या एका वहीतून तिला जे कळेल ते मी तिला वर्गात वर्षभरात शिकवू शकले नसते, हे मी मनापासून सांगते.

शाळेचं आता. सरांना भेटायला जा आणि तिला सोबत न्या. तिने माफी मागायची. भर कार्यक्रमात, पाहुण्यांसमोर सरांना तोडून बोलल्याची माफी, आणि ती मनापासून. शंका घेतल्याची माफी मागायची नाही, आणि तुम्हीही तिच्या वतीने मागायची नाही. मग तिने सरांना एवढंच म्हणावं, "सर, माझंही चुकलं. लॉकियर आले होते, पण १८९८ ला. पुढच्या वर्षी कार्यक्रमात मी यावर दोन मिनिटं बोलू का?" सर तुमच्या लेकीचे वैरी नाहीत. पाहुण्यांसमोर तोंड पडलं की माणूस दुखावतो, मीही दुखावले असते. चाळीस-पन्नास मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि पोर्शन, यात प्रत्येक प्रश्नाला थांबता येत नाही हेही तिला समजावून सांगा. तिने एक प्रश्नवही ठेवावी. तासाला सुचेल ते वहीत, आणि मधल्या सुट्टीत किंवा शनिवारी सरांना एक प्रश्न. एकच, पण तो स्वतः थोडा शोधून झाल्यावर. सरांनी ऐकलंच नाही आणि "उलट बोलते" हाच शेरा पुन्हा आला, तर मुख्याध्यापकांना भेटा. शोधक बुद्धी वाढवणं हे संविधानाने नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलंय, कलम ५१क मध्ये, १९७६ च्या घटनादुरुस्तीने. हे भांडायला नका वापरू. पण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसताना हे माहीत असलं की पाठ जरा ताठ राहते.

स्कॉलरशिपची फार काळजी करू नका. परीक्षेत विचारलंय तेवढं लिहायचं, शंका प्रश्नवहीत. सातवीतली मुलगी हा फरक करू शकते. आणि बुद्धिमत्तेच्या पेपराला ४५ आणि ४८ मधला घोळ स्वतः हुडकणाऱ्या मुलीला काय अडणार आहे?

एक विनंती. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तेव्हा "मला माहीत नाही, आपण बघू" असं म्हणा. तुम्ही दिवसभर काजू सोलून घरी येता, तेव्हा अंगात त्राण नसतं, हे मला कळतं. तरी हे चार-पाच शब्द तेवढे म्हणा. माझ्या आईला ते म्हणता येत नव्हते आणि मीही वर्गात ते फार उशिरा शिकले.

भरतीची वही येत्या पौर्णिमेपासून सुरू करा, म्हणजे तो दीड तासाचा दिवस सुरुवातीलाच मिळेल. पावसात पायऱ्यांना शेवाळ असतं. दुपारच्या भरतीला ती मैत्रिणींबरोबर गेली तरी चालेल, पण रात्रीच्या भरतीला आजोबांशिवाय धक्क्यावर पाठवू नका. आणि महिनाभराने त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. पौर्णिमा आणि प्रतिपदेच्या मध्ये तिला प्रत्यक्ष किती मिनिटं मिळाली, ते मला बघायचंय.

तुमची,
बाई